ती राहिलेली दिवाळी आधी बोला

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत):

लातूर जिल्ह्यातल्या या दोघी बहिणी. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरली 9 वर्षांची होती, धाकटी 5. आई-वडील आणि पाळण्यातला भाऊ ढिगाऱ्याखाली गेले. चुलत्यांनी दोघींना आपल्या घरी नेलं. सरकारी मदतीचे पैसे "पोरींसाठीच ठेवलेत" म्हणत खर्चून टाकले. पुनर्वसनातलं घर आजही त्यांच्याच ताब्यात आहे. थोरलीची शाळा सुटली. शेणपाणी, धुणीभांडी, काकूंचा मार. 1995च्या जूनमध्ये मावशीने खटपट करून थोरलीला सोलापूरच्या एका वसतिगृहात घातलं. तिथे पाचवीपासूनच्या मुली घेत, म्हणून धाकटी आणखी तीन वर्षं चुलत्यांकडे राहिली. (थोरली लिहिते, "मी दिवाळीला येते म्हणाले होते, मला न्यायला कोणी आलं नाही.") आज थोरली पुण्यात आहे. समजूतदार नवरा, एक मुलगा, नोकरी. धाकटी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि बहिणीच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने एकटी राहते. ती दाराला आतून कडी लावून झोपत नाही, आणि कपडे-कागदपत्रांची भरलेली पिशवी कायम दाराशी असते. तिच्या दवाखान्यातल्या एका विधुर सहकाऱ्याने लग्नाचं विचारलं. "नको" एवढंच ती म्हणाली. त्याच्या 11 वर्षांच्या मुलीला मात्र रविवारी गणित शिकवते. इतक्यात चुलते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. चुलतभावाचे फोन येतात, "भेटून जा, आणि आलातच तर जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सह्याही करून टाका." थोरलीला वाटतं, जावं, माफ करावं, मोकळं व्हावं. धाकटी म्हणते, "तू गेलीस तर मी तुझ्याशीही बोलणार नाही." थोरलीचा प्रश्न असा: "आम्ही दोघींनी आजवर फक्त एकमेकींवर विश्वास ठेवला. मी त्यातून बाहेर आले, ती नाही. तिला माणसांवर पुन्हा विश्वास ठेवायला कसं शिकवू?" जाता जाता ती हेही सांगते की पगारातली काही रक्कम ती नवऱ्याला न सांगता वेगळ्या खात्यात टाकते, "वेळ आली तर आम्हा दोघींना कुठेतरी जाता यावं म्हणून". हे पत्र तिने बहिणीला न सांगता लिहिलं आहे.

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. दिवाळीचं. पुढच्याच ओळीत तुम्ही शिक्षण, नोकरी, लग्नावर आलात. मी मात्र बराच वेळ त्या कंसात अडकून पडले.

1995ची ती दिवाळी सात वर्षांच्या मुलीच्या बाजूने बघा. आई-वडील गेले तेव्हा कोणी शब्द मोडला नव्हता. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून आलेली माणसं दमून झोपली होती, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती माळवदासकट अंगावर आल्या. सरकारी आकड्यांनुसार त्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पन्नासहून जास्त गावं पुढे दुसऱ्या जागी वसवावी लागली. हे सगळ्यांचंच झालं, हे लहान मूलही कधीतरी समजून घेतं. दिवाळीची गोष्ट वेगळी. तो एका माणसाने दिलेला शब्द होता, आणि तिला उरलेलं ते एकच माणूस होतं.

तुमचा यात काडीचाही दोष नाही. 11 वर्षांची मुलगी वसतिगृहातून एकटी एसटीत बसून कुठे येणार होती? पण हे तिला कोणी सांगितलं? चुलते सांगणं शक्यच नव्हतं. त्यांनीच तर माणूस पाठवला नव्हता. तुम्ही कधी सांगितल्याचं पत्रात तरी दिसत नाही. तुम्ही लिहिता, "आम्ही एकमेकींशी सगळं बोलतो." मला शंका आहे. भूकंपाबद्दल बोलत असाल, काकूंबद्दल तर नक्कीच. त्या तीन वर्षांबद्दल, म्हणजे तुम्ही तिथून सुटलात आणि ती सुटली नाही याबद्दल, कधी बोललात?

ती तुमच्यावर रागावून बसली आहे असं मला म्हणायचं नाही. तिला कदाचित स्वतःलाही हे शब्दांत सांगता येणार नाही. पण "तू गेलीस तर मी तुझ्याशीही बोलणार नाही" या वाक्यातला "ही" मला महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला तो हट्ट वाटला. मला वाटतं, तुम्ही त्या घराकडे निघालात की तिच्या डोक्यात जुना हिशेब सुरू होतो: अक्का पुन्हा त्यांच्या बाजूला जातेय, मी पुन्हा इथे एकटी. माझा अंदाज चुकीचाही असेल. खात्री करायची तर तिलाच विचारायला हवं.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. मी बाहेर आले, ती नाही. खरंच?

दाराला कडी न लावता झोपणाऱ्या बाईला तुम्ही संशयी म्हणता. ज्या बाईला माणसांची भीती वाटते, ती पुण्यात एकटी राहताना दोन कड्या लावेल, वर कुलूप घालेल. तुमच्या बहिणीची भीती आत कोंडलं जाण्याची आहे. पाचव्या वर्षी ती ढिगाऱ्यातून निघाली; त्यानंतर ज्या घरातून बाहेर पडता येत नव्हतं अशा घरात तिने पाच वर्षं काढली, त्यातली शेवटची तीन एकटीने. तिचं शरीर एवढंच सांगतंय की बाहेर पडायची वाट मोकळी ठेव. भूकंपानंतर त्या भागातली धडधाकट, मोठी माणसंसुद्धा घर उभं असताना महिनोन् महिने पत्र्याच्या शेडमध्ये आणि उघड्यावर झोपली. त्यांना कोणी "विश्वास ठेवायला शिका" म्हणालं नाही. ते शहाणपण होतं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ते गरजेपेक्षा जास्त टिकलं, एवढंच.

आणि तुमचं ते वेगळं खातं? ती पिशवी दाराशी ठेवते, तुम्ही बँकेत ठेवता. नवरा चांगला आहे असं तुम्हीच लिहिता, तरीही त्याच्या नकळत "दोघींना कुठेतरी जाता यावं" याची सोय करून ठेवलेली आहे. मी नावं ठेवत नाही. बाईकडे स्वतःचे पैसे असलेच पाहिजेत, या मताची मी आहे आणि कायम राहीन. मला एवढंच दाखवायचंय की तुम्ही दोघी एकाच जागी उभ्या आहात. तुमच्या अंगावर संसार आहे म्हणून ते दिसत नाही, तिच्याकडे पिशवी आहे म्हणून दिसतं. त्यामुळे "तिला कसं शिकवू" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. शिकवणारी आणि शिकणारी अशी वाटणी केली की ती पुन्हा पाच वर्षांची होते आणि तुम्ही पुन्हा नऊ वर्षांच्या आई. ती नोकरी तुम्हाला फार लहान वयात लागली, ताई. आता ती सोडली तरी चालेल.

हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर 1955 साली जन्मलेल्या सगळ्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, माणसांत रमणारी मोठी माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली: आयुष्यात निदान एक तरी टिकून राहिलेलं मोठं माणूस. आजी, शिक्षक, शेजारी, कोणीही. तुमच्यासाठी ती मावशी होती, असं पत्रावरून वाटतं. तुमच्या बहिणीसाठी कोण होतं? त्या तीन वर्षांत बहुधा कोणीच नाही. त्याच अभ्यासातला दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. किशोरवयात ज्यांचं बिनसलेलं होतं, अशांपैकीही बरेच जण चाळिशीपर्यंत सावरलेले दिसले. नवं शिक्षण, धीराचा जोडीदार, अशी कारणं त्यात होती. तुमची बहीण 37ची आहे आणि दर रविवारी एका आई नसलेल्या मुलीला गणित शिकवते आहे. तुम्ही हे पत्रात असं लिहिलंय की जणू ते तिच्या "नको"शी विसंगत आहे. मला तर ती आपल्या पद्धतीने सुरुवात करून बसलेली दिसते.

किराणा दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी हजाराची उधारी देत नाही. आधी शंभराची देतो, ती फिटली की दोनशेची. कोणी त्याला संशयी म्हणत नाही. तुमची बहीण तसंच करतेय. तुम्ही मात्र "लग्न" म्हणजे अख्खं दुकान मागताय.

मग करायचं काय?

पहिल्यांदा त्या दिवाळीबद्दल बोला. चुलत्यांच्या, लग्नाच्या, कशाच्याही आधी. मोठा प्रसंग करू नका, समोरासमोर बसवूही नका. भाजी निवडताना, दुचाकीवर, जिने चढताना, जिथे एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे असली बोलणी सोपी जातात. आपलं समर्थन करायला लागू नका. "मला न्यायला कोणी आलं नाही" हे शेवटी सांगा. आधी हे: "त्या दिवाळीला तू वाट बघितलीस का गं? मला कधी विचारायची हिंमत झाली नाही." मग गप्प बसा. ती "जाऊ दे, जुनं झालं" म्हणाली तर सोडून द्या, पण विषय आता झाकलेला नाही एवढं तिला कळू दे. रडली, चिडली, "तू वसतिगृहात मजेत होतीस" असं अन्यायाचं काही बोलली, तरी त्या दिवशी ऐकून घ्या. तुमची बाजू आठवड्याने सांगता येईल.

दुसरं, छोटे शब्द द्या आणि पाळा. "बघू", "जमलं तर येते" ही आपली रोजची भाषा तिच्यासाठी थोडी बदला. रविवारी पाच वाजता म्हणालात तर पाच वाजता. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण शब्द दिला आणि पाळला गेला, हे तिला वारंवार पाहायला मिळायला हवं. याउलट, तुम्ही तिच्यावर कशासाठी विसंबता? मुलाला शाळेतून आणणं, घराची किल्ली, तुमच्या आजारपणात काही दिवस घर बघणं? ताई सगळं देते आणि धाकटी सगळं घेते असं तीस वर्षं चाललेलं नातं बदलायला तिच्याकडे मागावं लागेल.

लग्नाचं म्हणाल तर मध्ये पडू नका. तुम्हाला तो माणूस आवडलाय, हे पत्रात लपत नाही, आणि तो भलाही असेल. पण तिचं "नको" माणसाला आहे की लग्नाला, की लग्न झाल्यावर घर सोडावं लागेल त्याला, हे तुम्हाला माहीत नाही. ज्या बाईला बाहेर पडायची वाट लागते तिला "आता तुझं कायमचं घर झालं" हे वाक्य दिलासा देत नाही, धडकी भरवतं. कधी तिने स्वतःहून विषय काढलाच तर तिला विचारा, काय आपल्या हातात राहिलं तर तुला बरं वाटेल? भाड्याची खोली वर्षभर तशीच ठेवायची? पगाराचं खातं स्वतंत्र? त्याच्या मुलीशी आधी स्पष्ट बोलायचं? ज्याला खरंच तिच्याबरोबर राहायचंय, त्याला या अटी अपमानाच्या वाटणार नाहीत. वाटल्या, तर तेही लग्नाआधी कळलेलं बरं. आणि तिचं उत्तर कायमचं "नको"च असेल तर तेही धडधाकट बाईचं उत्तर असू शकतं. न केलेलं लग्न हे जखम भरली नसल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

आता चुलते. इथे तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधली आहे: आजारी माणसाला भेटणं, त्याला माफ करणं आणि हक्कसोडपत्रावर सही करणं. चुलतभावाला ती मोळी सोयीची आहे. तुम्ही सोडवा.

भेटायचं असेल तर जा, पण बहिणीला आधी सांगून, तिच्या होकाराची अट न घालता आणि तिला बरोबर न ओढता. "मी सकाळी जाऊन रात्री परत येणार आहे, तुझ्या वतीने काही बोलणार नाही, कशावर सही करणार नाही" एवढं सांगा आणि रात्री खरंच परत या. जावंसं वाटत नसेल तर नका जाऊ. म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला की लहानपणी मार खाल्लेल्यांनीच मोठं मन दाखवावं, ही आपल्याकडची अपेक्षा मला नेहमी विचित्र वाटत आली आहे. माफी ही कोणाच्या आजारपणाच्या वेळापत्रकाने द्यायची वस्तू नाही. आणि माफ केल्याने ओझं उतरतंच असंही नाही; काहींचं उतरतं, काहींना नंतर स्वतःचाच राग येतो.

सही मात्र करू नका, आत्ता तर नाहीच. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येत असाल तर वडिलांच्या हिश्शाच्या तुम्ही दोघी वर्ग 1च्या, म्हणजे पहिल्या हक्काच्या वारस आहात, आणि ते 1956च्या कायद्यापासूनच. 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतला मुलींचा हक्क आणखी भक्कम केला. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून वारसा आपोआप संपत नाही. तो संपला असता तर चुलतभावाला तुमच्या सह्यांची गरजच पडली नसती, नाही का? हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं आणि एकदा झालं की सहज मागे घेता येत नाही. आधी सातबारा आणि फेरफाराच्या नोंदी काढा. 1993 नंतर वारस म्हणून कोणाची नावं चढली ते त्यात दिसेल. पुनर्वसनातलं घर कोणाच्या नावे वाटप झालं याचीही चौकशी करा. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. मदतीच्या पैशांबद्दल मात्र खोटी आशा दाखवत नाही. इतक्या वर्षांनी दावा करण्याच्या मुदतीचा कायदा बहुधा आडवा येईल. सगळं समजल्यावर दोघींनी मिळून जमीन सोडायची ठरवली, तर खुशाल सोडा. फक्त ती दोघींनी ठरवलेली असू दे. चुलतभावाला तोवर फोनवर एकच वाक्य पुरे: "कागद बघितल्याशिवाय आम्ही दोघी सही करणार नाही."

तुमच्या त्या खात्याबद्दल. पैसे ठेवा, लपवणं सोडा. नवऱ्याला सांगा की लहानपणी आमचे पैसे आमच्या हातात कधी नव्हते, म्हणून मला हे लागतं. त्याला थोडं लागेल, विचारेल की इतकी वर्षं का नाही सांगितलंस. त्या प्रश्नाचं उत्तर देताना तुम्हालाही कळेल, बहिणीला कुठे अडतंय ते.

समुपदेशकाकडे जावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. हो, पण तिला "दाखवायला" नेऊ नका. आधी स्वतः जा. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पुढे कुठे जायचं हेही सांगतात. पहिला समुपदेशक पटला नाही तर दुसरा बघा. त्यात कमीपणा नाही. झोप उडते, दचकून जाग येते, छोट्या धक्क्याने छाती धडधडते, असं तिला अजून होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटणं उपयोगाचं ठरेल. हे तिने ठरवायचं.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आज आई-वडील गमावलेली भाचरं, पुतणी असतील, त्यांच्याशीही दोन शब्द. मुलाच्या नावचे पैसे मुलाच्याच खात्यात ठेवा आणि त्याला कळायला लागलं की पासबुक दाखवा. भावंडं शक्यतो वेगळी करू नका. करावीच लागली तर पुढची भेट कधी ते सांगा आणि काहीही झालं तरी ती भेट घडवा. "क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजने"तून अशा मुलांसाठी दरमहा 2250 रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. अनाथ प्रमाणपत्रही वेळेत काढा. महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे, आणि 18 वर्षं पूर्ण झाल्यावर कागद जमवत फिरणं मुलांना फार जड जातं. शेजारी एखाद्या मुलीची शाळा सुटून ती भांडी घासताना दिसली तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. नाव सांगायलाच हवं असं नाही.

आणि ताई, एक राहिलं. हे पत्र तुम्ही बहिणीला न सांगता लिहिलंत. मी गावाचं नाव काढलंय, बरंच काही बदललंय, तरी कडी आणि पिशवी वाचून ती स्वतःला ओळखेल. दवाखान्यातल्या कोणी हे तिला फोनवर पाठवायच्या आत तुम्हीच वर जाऊन सांगा. ती चिडेल. चिडू द्या, आणि चहा तिथेच बसून प्या.